लग्नाला मागितलेली गाडी

माझी गाडी जपानी आहे, पेट्रोलवर चालते, सहा सिलिंडरांची आहे आणि आता वीस वर्षांच्या घरात आली आहे. मी घेतली तेव्हाच ती सात-आठ वर्षं वापरलेली होती. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मोठ्या डॉक्टरांची गाडी. त्यांच्या पेशंटांचं रक्त तपासायला माझ्या लॅबमध्ये यायचं, त्यामुळे ओळख. त्यांनी नवी गाडी बुक केली आणि ही विकायला काढली, तेव्हा मी नुसता बघायला म्हणून गेलो आणि किल्ली घेऊनच घरी आलो. नव्याकोऱ्या छोट्या गाडीपेक्षाही ही स्वस्त पडली, हे मी बायकोला दारातच सांगून टाकलं. तिनं आधी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हत्ती स्वस्तातच मिळत असतो," ती म्हणाली. "चारा कोण घालणार?"

बायको पेठ वडगावला शाळेत शिक्षिका. रोज स्वतःच्या छोट्या गाडीनं उचगावहून वडगावला जाते, येते, आणि त्या गाडीचं पेट्रोल कधी भरलं हे तिला आठवावं लागतं. मला आठवावं लागत नाही. माझ्या गाडीची आणि पंपाची भेट इतक्या वेळा होते की पंपावरची माणसं मला घरच्यासारखी वाटतात.

पण ती गाडी चालवायला काय आहे म्हणून सांगू! उचगावातून बाहेर पडून हायवेला लागलं आणि पायाखाली जरासं दाबलं, की इंजिन ओरडत नाही, धडपडत नाही, नुसतं पुढं जातं. उसाच्या ट्रॉल्या, ट्रक, एसट्या मागं पडत जातात आणि आत बसलेल्याच्या हातातला चहा हिंदकळत नाही. कातडी सीटांना आता सुरकुत्या पडल्यात, डॅशबोर्डवरचं लाकूड एका कोपऱ्यात उकललंय, पण ते इंजिन अजून तसंच आहे. जपानमधल्या कुठल्या तरी माणसानं ते मन लावून केलं असणार. त्याला माझा नमस्कार आहे.

लोकांना मात्र दुसरंच पडलेलं असतं. कोल्हापुरात माणूस मेला तरी चार खांदेकऱ्यांतला एक जण वाटेत विचारेल, "तुमची गाडी ॲव्हरेज किती देती ओ?" मी सुरुवातीला खरं सांगायचो. मग समोरच्याच्या चेहऱ्यावर अशी काही दया यायची की मला संताप यायचा. आता मी सांगतो, "देत नाही. घेते."

दुसरा संताप वेगळा होता. गाडी घेतली त्या सुरुवातीच्या दिवसांत एका पंपावर पोऱ्यानं काचेतून आत वाकून बघितलं आणि मला विचारलं, "मालक कुठं हायत?" मागची सीट रिकामी होती. मी म्हणालो, "तुझ्यासमोर बसलाय." तो वरमला, त्याचा काही दोष नव्हता. पण मला दिवसभर तो प्रश्न टोचत राहिला. आम्ही बौद्ध. वडील फाउंड्रीत भट्टीवर कामाला होते, सायकलनं जायचे, आणि अंगाला जळक्या वाळूचा वास घेऊन यायचे. त्यांच्या मुलाकडं अशी गाडी असेल हे पंपावरच्या पोराच्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर कधीकधी सकाळी दार उघडल्यावर ते माझ्याही डोक्यात पटकन यायचं नाही.

उचगावात आमचं घर नव्या प्लॉटांत आहे. शेजारी एक मराठा शेतकरी कुटुंब. घरामागं म्हशी, पुढं ट्रॅक्टर, आणि घरात शेजाऱ्याचा आवाज. तो आवाज असा की वडगावच्या पाहुण्यांशी बोलायला त्याला फोनची गरज नसावी. तो मला पहिल्या दिवसापासून डॉक्टर म्हणतो. मी डॉक्टर नाही, रक्त-लघवी तपासणारा माणूस आहे, हे मी त्याला चारदा सांगितलं आणि मग नाद सोडला. नवरा-बायको आणि एक मुलगी, तेव्हा नववीतली. पहिलं वर्षभर आमचं जाणंयेणं कुंपणावरून हात करण्याइतकंच होतं. खरी ओळख झाली ती भांडणातून, आणि भांडण झालं ते नारळावरून.

खंडेनवमीला आमच्या भागात चाक असलेली एकही वस्तू बिनहाराची राहत नाही. ट्रॅक्टर, रिक्षा, हातगाडी, पिठाच्या गिरणीची मोटर, सगळ्यांना झेंडू आणि हळदकुंकू. आमच्याकडं ही पूजा नाही. आमचा दसरा धम्मचक्र प्रवर्तनाचा, आणि मी त्या संध्याकाळी विहारात दुसऱ्या दिवशीच्या तयारीला गेलो होतो. गाडी मात्र मी धुऊन ठेवली होती. काचेवरच्या पाण्याची टाकी भरायची म्हणून बॉनेट उघडलं होतं आणि घाईत तसंच राहिलं होतं.

शेजाऱ्यानं ट्रॅक्टरची पूजा केली, आणि त्याची नजर कुंपणापलीकडं गेली. एवढी मोठी गाडी, अंग धुतलेलं, तोंड उघडलेलं, आणि गळ्यात हार नाही. त्याला ते बघवेना. तो आत आला, हार घातला, इंजिनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी मोठ्या मायेनं इंजिनवर ओतलं. बायको दारात उभी राहून बघत होती. "एवढ्या प्रेमानं करत होते," ती नंतर म्हणाली, "नको कसं म्हणायचं?"

सकाळी पांढरे कपडे घालून आम्ही दोघं विहाराला निघालो. किल्ली फिरवली तर गाडी दम्याच्या पेशंटसारखी खोकायला लागली आणि सगळं अंग थरथरू लागलं. आमचा मिस्त्री सणाचा दिवस असूनही आला. त्यानं इंजिनवरचं झाकण काढलं, स्पार्क प्लगच्या खोबणीत बोट घातलं, बोट चाटलं आणि माझ्याकडं बघितलं. "साहेब, गोड हाय," तो म्हणाला. दुसऱ्या खोबणीतून त्यानं चिमट्यानं खोबऱ्याचा तुकडा काढला.

मग मी शेजाऱ्याला तोंडाला येईल ते बोललो. अख्खी गल्ली बाहेर आली. तो उघडाबंब तसाच उभा राहून ऐकत होता. "आमच्या ट्रॅक्टरला दरवर्षाला घालतोय," तो शेवटी म्हणाला, "कदी शिंकला बी न्हाय." हे ऐकून मी आणखी भडकलो. तो वळून घरात गेला. मला वाटलं, संपलं, आता ह्या माणसाशी जन्माचा अबोला.

थोड्या वेळानं तो सदरा घालून बाहेर आला आणि त्यानं ट्रॅक्टर आमच्या दारात आणून लावला. "चला डॉक्टर. बाई, तुमी बी या. तुमचा कारेक्रम चुकाय नको." मी नाही म्हणत होतो, पण बायको तोवर चढली सुद्धा. अशा रीतीनं त्या वर्षी आम्ही दोघं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, झेंडूच्या माळा घातलेल्या, कपाळाला कुंकू लावलेल्या ट्रॅक्टरच्या दोन मडगार्डांवर बसून विहारात पोचलो. विहारातली माणसं बघतच राहिली. शेजारी बाहेर थांबला, कार्यक्रम संपेपर्यंत थांबला, खीर खाल्ली आणि आम्हाला घरी आणलं. मग मिस्त्री गाडी सुरू करेपर्यंत तो स्टूल टाकून गाडीशेजारी बसून राहिला. इंजिन एकदाचं नीट वाजू लागलं तेव्हा त्यानं त्याला हात जोडले, लांबूनच.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या म्हशीचं दूध आमच्याकडं येऊ लागलं, आणि ते घेऊन मुलगी येऊ लागली.

तिचा क्लास राजारामपुरीत होता. माझी लॅबही तिथंच, आणि उपाशीपोटी रक्त द्यायला येणाऱ्यांसाठी मला सकाळी लवकर उघडावी लागते. तिची बस कधी यायची, कधी नाही. मग एक दिवस मीच म्हणालो, बस गाडीत. ती दहावी, अकरावी, बारावी त्या गाडीच्या डाव्या सीटवर बसून शिकली असं म्हणायला हरकत नाही. पहिले काही आठवडे ती एक शब्द बोलली नाही. मग बोलायला लागली ती थांबेना. शाळेतलं, घरातलं, म्हशींचं. आई-बापाचं भांडण कशावरून झालं आणि कोण जिंकलं. तिचा मामा वडगावला असतो, आणि आईनं जमिनीतला वाटा मागितल्यापासून तो त्यांच्या दारात आलेला नाही, हेही तिनं मला गाडीतच सांगितलं.

गाडीचं तिला माझ्याइतकंच कळायला लागलं. "काका, डाव्या बाजूनं टकटक यायलीय," ती म्हणायची, आणि खरंच तिकडचा रबर गेलेला असायचा. उचगावातल्या स्पीडब्रेकरांना ही गाडी खालून घासते, म्हणून ती तिरकी करून एकेक चाक वर चढवावं लागतं. मुलगी दार उघडून खाली वाकायची आणि सांगायची, "या, या, या... थांबा!" एकदा इंजिन ज्या रबरी बैठकीवर बसतं ती फाटली, नवी कुठं मिळेना, आणि शेवटी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात ती बनवून घेतली. तेव्हा तिनं दोन आठवडे बसनं जाताना रोज विचारलं, "गाडी कशी हाय?" माझी तब्येत तिनं कधी इतक्या काळजीनं विचारली नव्हती.

आम्हाला मूल नाही. मी हे सरळ लिहितो, कारण आयुष्यभर लोकांनी ते आम्हाला आडून आडून विचारलंय. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, त्यांतल्या काही तर माझ्याच लॅबमध्ये झाल्या, आणि एका वयानंतर आम्ही दोघांनी तो विषय मिटवला. दुःख होतं, पण आम्ही त्याच्याशेजारी बसून राहिलो नाही. बायकोला शाळा होती. मला ही गाडी होती, आणि गाडीमुळं सकाळची ती बडबड होती.

आता लग्नांचं सांगतो. सुरुवात शेजाऱ्यानंच केली. "डॉक्टर, पुतण्याचं लगीन हाय. नवरदेव तुमच्या गाडीतनं न्यायचा." त्यांचंच दूध पिणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. पण मी एक अट घातली. गाडी देईन, किल्ली देणार नाही. ह्या गाडीच्या स्टेअरिंगला दुसऱ्याचा हात मी लावू देत नाही, बायकोचाही नाही. मी स्वतः चालवेन.

त्या लग्नात गाडी अशी देखणी दिसली की पुढं गल्लीत, मग गावात, मग गांधीनगरपर्यंत माझं नाव झालं. नाव म्हणजे माझं नव्हे, गाडीचं. मोतिया पांढरा रंग, लांबलचक अंग, सजवली की नवरा कसाही असला तरी खपून जायचा. लग्नसराईत आठवडा कोरडा गेला असं व्हायचं नाही. फुलं चिकटवायला रंगाला चिकटपट्टी लावू नका, हे मी प्रत्येक लग्नात ओरडून सांगितलं आणि प्रत्येक लग्नात कुणीतरी लावलीच. आमच्याकडची रीत अशी की नवऱ्या मुलाला आणणाऱ्या आणि नवरीला नेणाऱ्या ड्रायव्हरचा मान करतात. टॉवेल, टोपी, नारळ. हा मान मला प्रत्येक लग्नात मिळाला. पहिल्या वेळी माझं डोकं फिरलं, मी घरी येऊन टोपी भिरकावली. मी मालक आहे, ड्रायव्हर नाही! बायको हसून हसून लोळली. "लॅबमध्ये कुणी तुम्हाला कधी टोपी घातली होती का?" तिनं विचारलं. विचार केला तर तिचं खरं होतं. रक्त काढणाऱ्याला कुणी मान देत नाही, सुई टोचून झाली की माणसं पळतात. हळूहळू मी टोपी डोक्यावर ठेवूनच परत यायला लागलो.

आणि मला ते आवडायला लागलं होतं, हे कबूल करायला काय हरकत आहे? लोकांच्या आयुष्यातल्या सर्वांत आनंदाच्या दिवशी माझ्याशिवाय त्यांचं अडत होतं. नवरी मागं बसून हुंदके द्यायची तेव्हा मी आरसा वर करून ठेवायचो, एसी जरा वाढवायचो आणि गाडी अशी चालवायचो की रस्त्यावर खड्डा आहे हे तिला कळू नये. ज्या गावांत माझ्या आजोबांना मांडवाच्या बाहेर बसवून उरलंसुरलं वाढलं गेलं, त्या गावांत माझी गाडी मांडवाच्या तोंडाशी लागायची. आजोबांचं ते मी विसरत नाही, आणि विसरा म्हणणाऱ्याचा मला राग येतो. पण गाडी जिथं लागते ती जागाही मी विसरत नाही.

वर्षं गेली. गाडीला पंधरा वर्षं झाली, तिचं पुन्हा पासिंग करून घेतलं. मुलगी पदवीधर झाली आणि दुधाची तपासणी करायच्या नोकरीला लागली. "बघा काका," ती म्हणाली, "तुमचं आन् बाबांचं, दोघांचं बी काम मीच करायलीय." मग गेल्या वर्षी तिचं लग्न ठरलं. मुलगा कागलकडचा, चांगला, जरा मितभाषी. ह्या मुलीपुढं तसाच पाहिजे होता.

नवरीला न्यायची गाडी रीतीनं नवऱ्याकडची असते. मुलीनं सांगून टाकलं, "मी जानार ते काकांच्याच गाडीतनं." नवऱ्याकडच्यांनी गाडी बघितली आणि लगेच हो म्हटलं. मीही हो म्हटलं, तोंडानं. मनात मात्र काहीतरी बसेना. इतक्या लग्नांत मी गाडीचा माणूस होतो. ह्या एका लग्नात मला मुलीचा माणूस व्हायचं होतं. पण ते सांगायचं कुणाला, आणि कुठल्या हक्कानं? मी गाडी पॉलिश करायला दिली.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी शेजारी आणि त्याची बायको आमच्याकडं आले. शेजारी त्या दिवशी चक्क हळू बोलत होता, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी आहे. वडगावचा मामा येणार नव्हता. त्याला बोलवायला दोघं स्वतः जाऊन आले, त्यानं पाणीसुद्धा विचारलं नाही. आणि त्यांच्याकडच्या लग्नात मामाशिवाय मुलगी बोहल्यावर येत नाही. मामानं तिला हाताला धरून आणायचं, अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं.

"तुमी उभं ऱ्हावा, डॉक्टर," वहिनी म्हणाल्या. त्या नेहमीच तोडून बोलतात. "पोरगीच म्हनली. काका हायत की, म्हनली, आनि कोन पाहिजे?"

"म्हंजे मग तुमालाच मला दाजी म्हनाय लागंल," शेजारी म्हणाला आणि हसायला गेला, पण त्याला जमलं नाही.

बायकोनं माझ्या वतीनं सांगितलं, "उभे राहतील." मग मला गाडी आठवली. मामा म्हणून उभा राहिलो तर पाठवणीच्या वेळी माझी जागा मुलीच्या आईशेजारी, मांडवात. मग गाडी कोण नेणार? मी हे बोलून दाखवलं तेव्हा तिघांनीही माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मी काही वेडगळ बोललोय.

"मी नेईन," बायको म्हणाली.

माझा हात खिशातल्या किल्लीवर गेला.

"रोज वडगावला मला कोण नेतं?" तिनं विचारलं. "घोडा?"

हे इतकं सरळ मिटलं नाही. लग्नाच्या दोन दिवस आधी शेजाऱ्याच्या अंगणात भावकी जमली होती. मी चहाचा कप घेऊन बसलो होतो. एक म्हातारे चुलते मोठ्यानं म्हणाले, "मामा म्हनून घरातलं कुनीतरी बगा की. भावकीतली मानसं काय मेल्यात?" त्यांनी जातीचं नाव काढलं नाही. काढायची गरज नव्हती, अंगणात सगळ्यांना कळलं. माझे कान तापले. मी कप खाली ठेवला आणि उठलो. गाडी नेऊन सोडीन, टोपी घेईन आणि घरी जाईन, असं मनात म्हटलं.

"बसा," वहिनी घरातून बाहेर येत म्हणाल्या. मलाच नव्हे, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात. "रक्ताचंच बगायचं आसंल तर ह्या घरातल्या सगळ्यांचं रक्त ह्यांनी तपासलंय. मामंजी, तुमचं बी."

मग त्या म्हाताऱ्यांनाच हसू आलं. "व्हय की," ते म्हणाले. "साकर लई निघालती. जिलबी बंद केलीया ह्यानं माजी." सगळे हसले. मी बसलो. त्या हसण्यानं सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. लग्नातही दोघं-तिघं माझ्यापासून हातभर लांबच उभे राहिले आणि मी ते पाहिलं. पण त्या बाईनं मला उठून जाऊ दिलं नाही, ह्याचे उपकार मी फेडू शकत नाही.

आदल्या दिवशी मी बायकोला गाडी चालवायला दिली. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच. मी डाव्या सीटवर बसलो आणि तोंड सुरू केलं. ब्रेक हळू. लांब आहे गाडी, वळण मोठं घे. आता ॲक्सिलरेटर नको. हायवेच्या कडेला तिनं गाडी उभी केली आणि माझ्याकडं वळली. "उतरता का गप्प बसता?" मी गप्प बसलो. तिनं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली आणि कागलपर्यंत नेली. ती माझ्यापेक्षा चांगली चालवते. माझी एक सवय आहे, पुढं ट्रॉली आली की मी चिडतो आणि ते गाडीच्या चालीत उतरतं. ती चिडत नाही. परत येताना ती म्हणाली, "छान आहे हो गाडी." इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं, आणि मला गाडीचा नव्हे, तिचा अभिमान वाटला.

लग्नाच्या दिवशी मला फेटा बांधला. भटजींनी माईकवरून हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." आतल्या खोलीत गेलो तर ती हिरव्या शालूत, मुंडावळ्या बांधून बसली होती. मला बघून म्हणाली, "काका, चला की. उशीर व्हायलाय." क्लासला जाताना जसं म्हणायची अगदी तसं. मी तिचा हात धरला. हात थंड पडला होता. बाहेर सगळा मांडव आमच्याकडं बघत होता, आणि मला वाटलं होतं तितकी भीती वाटली नाही. मंगलाष्टकं संपेपर्यंत मी तिच्या पाठीशी उभा होतो.

जेवणं झाली, ऊन कलायला लागलं आणि पाठवणीची वेळ झाली. गाडी मांडवाच्या तोंडाशी लागली. बायको हिरवी पैठणी नेसून स्टेअरिंगवर बसलेली, आणि पोरंटोरं तिला बघायला जमलेली. मुलगी आईच्या गळ्यात पडली, बापाच्या गळ्यात पडली. शेजाऱ्याचा तो अख्ख्या गल्लीला पुरणारा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक, त्याच्या तोंडातून नुसता श्वास बाहेर पडत होता. मग ती माझ्याकडं आली, वाकली, आणि माझ्या पायाला हात लावला. मी तिला उठवलं. काही बोलायचं ठरवलं होतं, ते आठवलं नाही. "सीट पुढंमागं करायचं बटण खालच्या बाजूला आहे," एवढंच मी म्हणालो. जसं काही तिला ते माहीत नव्हतं.

दार लागलं आणि गाडी निघाली. इतक्या लग्नांत गाडी निघाली की माझ्यासाठी लग्न संपायचं. पुढं रस्ता असायचा, मागं नवरी असायची, आणि मी गाडीचं बघायचो. मांडवात मागं काय राहतं हे मला कधी दिसलंच नव्हतं. त्या दिवशी मी तिथं उभा होतो. गाडी वळणावर तिरकी झाली, स्पीडब्रेकरवरून एकेक चाक टाकत अलगद उतरली, कुठं घासली नाही, आणि दिसेनाशी झाली. मागं एक आई खुर्चीचा हात धरून उभी होती. एक बाप चप्पल शोधत होता, आणि चप्पल त्याच्या पायातच होती.

ते जिलबीवाले म्हातारे चुलते माझ्याजवळ आले. "मामा," त्यांनी विचारलं, "गाडी कवा येनार माघारी?"

"गाडी येईल संध्याकाळी," मी म्हणालो, आणि तेवढं बोलून मला रडू फुटलं. चारचौघांत, फेटा बांधलेला पन्नाशीचा माणूस, मी अगदी मोठ्यानं रडलो. शेजारी येऊन माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभा राहिला आणि तोही रडला. कुणी आम्हाला गप्प करायला आलं नाही, कारण मुलीच्या घरच्यांना त्या दिवशी कुणी गप्प करत नाही. ज्यांच्या पोटी मूल नाही त्यांच्या वाट्याला हे रडू येत नसतं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ते माझ्या वाट्याला आलं.